साक्षांकित जिलेबी

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. ते आपोआप साचतात, ड्रायव्हरच्या सीटखाली टोलच्या पावत्या आणि शेंगांची टरफलं साचतात तसे. एके दिवशी सीट सरकवली की मग कळतं, अरे बापरे, एवढं होतं होय इथं!

आमचं ऑफिस गाड्यांच्या विम्याच्या सर्व्हेचं. सोलापुरात कुणाची गाडी ठोकली की विमा कंपनी आमच्या साहेबांना कळवते. साहेब जाऊन गाडी बघतात, नुकसान किती, अपघात कसा झाला, मालक खरं बोलतोय की पुड्या सोडतोय, हे सगळं रिपोर्टात लिहितात. माणसं इनमीन तीन. सर्व्हेअर बिराजदार साहेब, तीस वर्षांचा अनुभव. फोटो काढणारा आणि गॅरेजवाल्यांशी भांडणारा गड्डम. आणि मी क्षीरसागर बाई, रिपोर्ट टाइप करणारी.

पूर्वी लोक येऊन अपघात तोंडी सांगायचे. त्यात प्रत्येकाची गाडी वीसच्या स्पीडनं चाललेली असायची आणि समोरचा हमखास प्यायलेला! आता लोक काचेला डॅशकॅम चिकटवतात. एवढुसा कॅमेरा, पण समोरच्या रस्त्याचं सगळं शूटिंग करून ठेवतो. पहिला डॅशकॅम बघितला तेव्हा साहेब खुशीत येऊन म्हणाले, "बाई, आपलं काम सोपं झालं! आता खोटं बोलायची सोयच राहिली नाही!"

हे वाक्य साहेबांचं होतं, एवढं लक्षात ठेवा.

*

डॅशकॅमचा पहिला क्लेम बार्शीच्या एका रिटायर्ड हेडमास्तरांचा. मार्केटपाशी रिव्हर्स येणाऱ्या बसनं त्यांची गाडी घासली होती. मी फोनवर सांगितलं, "सर, व्हिडिओची कॉपी आणा."

सर आले ते दोन पिशव्या घेऊन. पिशव्यांत फोटो. व्हिडिओतलं एकेक दृश्य वेगळं काढून, रंगीत छापून, खाली नंबर टाकून आणलेलं. तीनशे बारा फोटो! आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात 'सत्यप्रत' असा गोल शिक्का आणि सही. स्वतः रिटायर झालेले, म्हणून आपल्या जुन्या शाळेत जाऊन नव्या हेडमास्तरांकडून तीनशे बारा सह्या आणल्या होत्या. नव्या हेडमास्तरांच्या मनगटाचं काय झालं असेल देव जाणे.

"पहिल्या फोटोत बस लांब आहे," सर म्हणाले. "तीनशेदहाव्यात लागलेली आहे. मधले आपण क्रमानं बघावेत."

"सर, पेनड्राइव्ह चालला असता हो!"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "पेनड्राइव्हवर शिक्का कुठं मारणार?"

मी गठ्ठा डाव्या हातात धरला आणि अंगठ्यानं फर्रकन पानं सोडली. आणि काय सांगू, बस चालायला लागली! मागं मागं येत धाडकन लागली सुद्धा!

गड्डम खुर्चीवरून उठला. "मॅडम, परत एकदा लावा की!"

*

यातून मी धडा घेतला. त्यानंतर प्रत्येकाला फोनवर बजावायचं, "कॉपी चालणार नाही. मूळ आणा, मूळ!"

दोन दिवसांनी माढ्याकडचे एक बागायतदार आले. त्यांच्या जीपचा बंपर उसाच्या ट्रॉलीला लागून वाकला होता. त्यांच्या मागं दोन गडी जिना चढत होते आणि दोघांच्या मधे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबरुंद. टेबलावर ठेवून चादर सोडली तर आत गाडीची पुढची अख्खी काच! वर मधोमध कॅमेरा चिकटलेला.

"निघंना की ओ," ते म्हणाले. "लई घट बसलाय. आन् तुमीच म्हणलाव मूळ आणा."

काचेला साधा ओरखडाही नव्हता. म्हणजे फक्त बंपर वाकला होता आणि चांगली काच यांनी कॅमेऱ्यासाठी काढून आणली होती!

"मग तुम्ही आलात कसे?" मी विचारलं.

"जीपनंच की! बिनकाचंची! आमच्या डोळ्यात निस्ती चिलटं!"

गड्डम हळूच म्हणाला, "अण्णा, मग काच जीपलाच ठेवायची आणि जीप दारात आणायची की."

अण्णांनी काचेकडं बघितलं, खिडकीतून खाली जीपकडं बघितलं, परत काचेकडं बघितलं.

"हे आदी सांगायचं की राव!"

*

आता महबूबभाई. यांना नीट ओळखून घ्या, कारण पुढच्या सगळ्या गोष्टींत ते आमच्या बाकड्यावर बसलेले आहेत.

महबूबभाई बावीस वर्षं जुळे सोलापूर या उपनगरात शाळेची व्हॅन चालवतात. काही पोरांचे बाप सुद्धा त्यांच्याच व्हॅनमधून शाळेत गेलेले. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, मुलांना शाळेत सोडून रिकामी व्हॅन घेऊन परतताना एका चौकात पिकअपनं बाजूनं येऊन तोंडावर ठोकर दिली आणि पिकअपवाला पसार. महबूबभाई सुखरूप, व्हॅनचं तोंड मात्र पार बसलं. विमा चालू, कागद चोख, सरळ क्लेम.

पण फॉर्म भरला त्यांच्या मेहुण्यानं, कारण त्याचं इंग्रजी चांगलं. आणि 'ड्रायव्हरची सही' अशी जागा आली तेव्हा पेन याच्याच हातात होतं, म्हणून पठ्ठ्यानं स्वतःची झोकदार सही ठोकून दिली! मेहुण्याकडं लायसन्स नाही. कंपनीनं कळवलं, गाडी बिनलायसन्सचा माणूस चालवत होता. महबूबभाईच चालवत होते याचा पुरावा द्या, नाहीतर क्लेम नामंजूर.

गॅरेजवाला म्हणे, क्लेम पास झाल्याचा कागद दाखवा, चार दिवसांत गाडी देतो. पालक म्हणत होते, शाळा उघडायच्या दिवशी व्हॅन दारात पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरी बघतो.

"चौदा बच्चे हैं मॅडम," महबूबभाई मला म्हणाले. "दुसरी व्हॅन में गए तो वापस नहीं आते. फिर मैं खाली व्हॅन में अकेला बैठके हॉर्न बजाऊं क्या?"

हसत म्हणाले, पण मी त्यांची फाइल उचलून सगळ्यात वर ठेवली.

त्यांच्या व्हॅनला कॅमेरा नव्हता. म्हणून त्या सकाळी त्या चौकातून गेलेल्या दुसऱ्या कुणाच्या डॅशकॅममध्ये काही मिळतंय का, एवढीच आशा होती. गड्डमनं आमच्या सगळ्या जुन्या क्लेमवाल्यांना मेसेज टाकला. महबूबभाई रोज अकराला येत, बाकड्यावर बसत आणि विचारत, "मिल्या क्या मॅडम?"

आणि साहेब! तीस वर्षांत साहेब एखाद्या क्लेमसाठी असे धावलेले मी बघितले नव्हते. स्वतः चौकात जाऊन दुकानदारांना विचारून आले, पेट्रोलपंपावर जाऊन आले. फक्त दर वेळी मला एक सूचना असायची. "बाई, व्हॅन तेवढी दिसली पाहिजे. आजूबाजूचं काही नको."

मला वाटलं, शिस्त आहे साहेबांची.

*

मेसेजला प्रतिसाद जोरात आला. सतरा व्हिडिओ!

पण नुकतीच खंडेनवमी होऊन गेलेली. त्या दिवशी आपल्याकडं गाड्यांची पूजा होते, आणि डॅशकॅम म्हणजे घरातलं सगळ्यात नवं यंत्र. त्याला कोण सोडतंय? एका व्हिडिओत भिंगावर हळदीकुंकू लावलेलं, सगळं सोलापूर गुलाबी. एकात समोर लिंबू-मिरची लटकलेली आणि नेमक्या चौकाच्या जागी मिरची. बाकी बहुतेकांत झेंडूची माळ. माळ डावीकडं गेली की अर्धा सेकंद रस्ता दिसायचा, उजवीकडं आली की परत झेंडू.

मी एकाला फोन केला. "अहो, खंडेनवमी होऊन इतके दिवस झाले. माळ काढा की!"

"वाळली की आपोआप पडती ना मॅडम. देवाचं आपुन कसं वढून काढायचं?"

त्याच माणसाच्या व्हिडिओत वेळ बरोब्बर जुळत होती. आम्ही सगळे स्क्रीनला नाक लावून बसलो. हॉर्न ऐकू आला. ब्रेकचा आवाज आला. मग धडाम! आणि झेंडू हलला.

महबूबभाई उठून उभे राहिले आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, ये फूल के पीछे मेरी व्हॅन है!"

*

त्याच दिवसांत जुळे सोलापूरचं एक जोडपं आलं. गाडी डिव्हायडरवर चढली होती. फॉर्ममध्ये कारण लिहिलेलं, 'अचानक कुत्रे आडवे आले'. गृहस्थांनी व्हिडिओ स्वतः आणून दिला. कॅमेऱ्यात आवाजही भरला जातो, हे त्यांना माहीत नव्हतं.

मी व्हिडिओ लावला. रस्ता मोकळा. बाईंचा आवाज, "डावीकडं घ्या. अहो, डावीकडं. डावीकडं घ्या म्हणते ना मी!" मग यांचा आवाज, "मला रस्ता शिकवू नकोस." मग धाडकन! मग यांचा आवाज, बारीक झालेला, "कुत्रं होतं."

"कुठं?"

"होतं."

मी मान वर केली तर गृहस्थ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते आणि बाईंचा चेहरा असा उजळलेला, लग्नातही उजळला नसेल!

"जरा आवाज वाढवता का?" बाई म्हणाल्या. तीन वेळा ऐकलं. मग पदर सावरून म्हणाल्या, "हे बघा, क्लेम गेला तरी चालेल. पण मी डावीकडं म्हणाले होते, एवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. शिक्का मारून."

गृहस्थ कॅलेंडरवरची नजर न काढता म्हणाले, "आणि त्यात कुत्र्याचाही उल्लेख राहू द्या."

*

सांगोल्याकडच्या एका डॉक्टरांची नवी कोरी काळी गाडी. बंपरला सात ठिकाणी पोचे, सगळे एका उंचीवर! कंपनीला संशय, की हे हातोड्यानं मारून घेतलंय. डॉक्टर सांगत होते, "अहो, मी पेशंट बघायला वस्तीवर गेलो होतो. गाडी उभी होती." नशीब, गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू राहत होता.

व्हिडिओत माळरान. लांब मेंढरं चरतायत. एक दांडगा एडका, म्हणजे नर मेंढा, डुलत डुलत गाडीसमोर आला. थांबला. बंपरकडं टक लावून बघत राहिला. मग दहा पावलं मागं गेला, मान खाली घातली आणि सुटला. बॉनेटखाली दिसेनासा झाला आणि आमचा स्क्रीन हादरला! परत मागं गेला, परत आला. सात वेळा! सातव्या वेळी मात्र जागेवर जरा डुलला आणि खाली बसला.

शेवटी व्हिडिओत मेंढपाळ आला. त्यानं एडक्याकडं बघितलं, चकचकीत बंपरकडं बघितलं, मग वाकून स्वतः त्यात तोंड बघितलं, पटका नीट केला आणि एडक्याला म्हणाला, "आरं येड्या, त्यो तूच हायस!"

महबूबभाई बाकड्यावर पोट धरून हसले. हसता हसता थांबले आणि म्हणाले, "मिल्या क्या मॅडम?"

शाळा उघडायला तेव्हा नऊ दिवस राहिले होते.

*

आता साहेबांचा एक किस्सा मधेच सांगावा लागतोय, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साहेबांना शुगर. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या मिसेसनी, दोन अटी घातलेल्या. गोड बंद, आणि रोज सकाळी तळ्याभोवती चालायचं. लेकीनं पुण्याहून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलेलं, त्याचे आकडे थेट वहिनींच्या मोबाइलवर. साहेबांनी वहिनींना शब्द दिला होता, आणि वहिनी रोजचा आकडा बघून खूश होत्या. सहा हजाराच्या खाली साहेब सहसा यायचेच नाहीत.

कारण घड्याळ साहेबांच्या हातात नसायचंच! गड्डमच्या घरी, पूर्व भागात, टॉवेलचा पॉवरलूम आहे. लूमची फणी सारखी मागंपुढं होते, धागा ठोकत. साहेब सकाळी जाताना घड्याळ गड्डमच्या वडिलांकडं द्यायचे, वडील ते सुतळीनं फणीला बांधायचे. पन्नास मिनिटांत सहा हजार पावलं, ना घाम ना दम! तेवढ्या वेळात साहेब कुठं जातात, हे मात्र गड्डमलाही ठाऊक नव्हतं. कुणा मित्राकडं पेपर वाचत बसत असतील, असा आमचा समज.

एकदा साहेब घड्याळ आणायला विसरले. लूम दिवसभर चालला. संध्याकाळी आठवल्यावर साहेब पळत गेले. त्या दिवशीची खरी पावलं म्हणाल तर तेवढीच! घरी पोचले तर वहिनी दारात. "छप्पन हजार पावलं? अक्कलकोटला चालत गेला होता की काय?"

साहेब चपला काढत म्हणाले, "हो. दर्शनाला."

"यप्पा! आणि प्रसाद?"

"गड्डमकडं राहिलाय!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गड्डमला हाफ डे देऊन प्रसाद आणायला अक्कलकोटला पिटाळलं. दुपारी त्यानं पेढ्यांचा बॉक्स आणून दिला. वहिनींनी तो कपाळाला लावला, गल्लीत सगळ्यांना वाटला. साहेबांना शुगर म्हणून एकही दिला नाही.

*

तर शाळा उघडायला आठ दिवस राहिले असताना जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. बार्शीचे हेडमास्तर! त्या सकाळी ते लेकीकडं जुळे सोलापूरला आले होते, बरोब्बर त्याच चौकातून. आणि त्यांच्या कॅमेऱ्याला माळ नव्हती. "फुलं मी चाकाला वाहतो," सर म्हणाले. "निरीक्षणात अडथळा नको." हातात पिशवी. आत एकशे साठ फोटो, प्रत्येकावर गोल शिक्का!

मी देवाचं नाव घेतलं, गठ्ठा डाव्या हातात धरला आणि पानं सोडली. चौक आला. व्हॅन आली. पिकअप आली. धडक! काचेवर ऊन चमकत होतं, त्यामुळं आतला ड्रायव्हर दिसेना.

तेवढ्यात फोटोच्या डाव्या बाजूनं एक माणूस पळत आला. रस्त्याकडेच्या जिलेबीच्या हातगाडीवरून. डोक्याला माकडटोपी, हातात जिलेबी. त्यानं व्हॅनचं दार उघडलं, आतल्या माणसाला बाहेर ओढलं, मांडीवर घेतलं आणि हातातली जिलेबी त्याच्या तोंडात घातली! पाठ आमच्याकडं, म्हणून मांडीवरच्याचा चेहरा दिसत नव्हता. टोपीवाल्याचाही नाही.

पण त्याचा स्वेटर दिसत होता. मरून रंगाचा, हातानं विणलेला, पाठीवर एक हिरवा चौकोन. विणताना मरून लोकर संपली होती म्हणून. तो स्वेटर आम्ही सहा हिवाळे बघतोय.

मी साहेबांकडं बघितलं. साहेब पंख्याकडं बघत होते. महबूबभाईंकडं बघितलं. ते पण पंख्याकडं! पंखा बंद होता.

"महबूबभाई," मी म्हटलं, "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हौ मॅडम."

"मग बोलला का नाही? तुमची व्हॅन जायची वेळ आली!"

महबूबभाई खाली बघून म्हणाले, "साब छुप के खा रहे थे. फिर भी भागते आए, अपने मुंह की मेरेकू खिलाए. खिलाए सो आदमी का नाम कैसा लेना? मैं सोचा, साब खुद बोलेंगे."

मला तर साहेबांचा असा राग आला होता आणि मायाही आली होती, दोन्ही एकदम. हेडमास्तरांनी तेवढ्यात पावती मागितली.

साहेबांनी टेबलावरचा एक फोटो उचलला. जिलेबी, शिक्का, सही. बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, कंपनीला पत्र टाइप करा. मराठीतच करा, इंग्रजीत जिलेबी बरी दिसत नाही."

आणि मी टाइप केलं: 'सदर अपघाताच्या वेळी निम्नस्वाक्षरीकार हे घटनास्थळी जिलेबी सेवन करीत असल्याने ते या प्रकरणी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहेत, सबब त्यांना सर्व्हेअर म्हणून मुक्त करावे.'

*

शाळा उघडायला पाच दिवस राहिले असताना कंपनीनं लातूरहून दुसरे सर्व्हेअर पाठवले, कदम साहेब. हसणं माहीत नसलेला माणूस. फोटो बघितले, मग सरांनी जपून ठेवलेला मूळ व्हिडिओ बघितला.

"बिराजदार, टोपीत कुणीही असेल," ते म्हणाले. "ओळखीच्या माणसासाठी तुम्ही साक्षीदार झालात, असं कंपनी म्हणेल. तुमचंच तोंड दिसत नाही. हा स्वेटर कुणी विणला?"

साहेब परत पंख्याकडं बघायला लागले. गड्डम म्हणाला, "वहिनींनी."

"बोलवा त्यांना."

वहिनी आल्या. हातात मोठी पिशवी. बाकड्यावर महबूबभाईंच्या शेजारी बसल्या, व्हिडिओ पूर्ण बघितला.

"स्वेटर माझाच," वहिनी म्हणाल्या.

"आणि आतला माणूस?"

"ते कसं सांगू? आमचे हे त्या वेळी तळ्यावर चालत होते. हे बघा." त्यांनी मोबाइल पुढं केला. त्या दिवशी, त्याच वेळी, सहा हजार दोनशे पावलं!

कदमांचं पेन थांबलं. महबूबभाईंचा चेहरा उतरला. घड्याळ खरं धरलं तर साहेब चौकात नव्हतेच, आणि साहेब नव्हते तर साक्षीदार नाही, साक्षीदार नाही तर व्हॅन नाही. वहिनी शांतपणे साहेबांकडं बघत होत्या.

साहेब उभे राहिले. एकदा महबूबभाईंकडं बघितलं आणि एका दमात म्हणाले, "मी चाललो नाही! चार महिन्यांत एकही दिवस चाललो नाही! घड्याळ पॉवरलूमला बांधलेलं असतं आणि मी जिलेबी खातो!"

"पॉवरलूमला?" कदम म्हणाले. "पुरावा?"

साहेब नुसते खिसे चाचपायला लागले. तीस वर्षं दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारलेला माणूस.

"पुरावा माझ्याकडं आहे," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं आणि टेबलावर पसरलं. चार महिने, बारीक अक्षरांत भरलेले. "घड्याळाच्या पट्ट्यात रोज टॉवेलचं सूत दिसायचं, तेव्हाच मी ओळखलं. या दिवशी पूर्व भागात लाइट नव्हती. यांची पावलं शून्य. इथं लूमला सुट्टी, शून्य. इथं परत लाइट नाही, शून्य. आणि हे बघा, या दिवशी सव्वासातला लाइट गेली, हे सव्वासातला थांबले. आठला आली, आठला परत चालायला लागले. एवढा पाऊण तास माणूस एक पाय उचलून उभा होता काय?"

कदमांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कॅलेंडर वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पेन उघडलं आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणत लिहिलं, "चालक, महबूबभाई, स्वतः. साक्षीदार, बिराजदार. खात्री पटली."

महबूबभाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "भाभी," एवढंच म्हणाले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी उगीचच पंखा लावला.

वहिनींनी कॅलेंडर गुंडाळलं, पिशवीत घातलं. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आणि गड्डम, तू अक्कलकोटचा प्रसाद म्हणून पेढ्यांचा बॉक्स दिलास ना? त्याच्या झाकणावर आमच्याच गल्लीतल्या दुकानाचं नाव होतं."

साहेब गर्रकन गड्डमकडं वळले. "तुला मी हाफ डे दिला होता की रे!"